धुराचा माग

मंडळी, टेक्ससमधे राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. घर कुठे घेतलंस? काऊबॉईजची मॅच पाहिलीस का? आणि बार्बेक्यू कुठला खाल्लास? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन मी कधीच मोकळा झालो. तिसऱ्याचं उत्तर मात्र अजून शोधतोच आहे, आणि शोधता शोधता हा लेख लिहायची वेळ आली!

झालं असं, की प्लेनोत आल्यावर पहिल्याच आठवड्यात क्लायंटकडच्या मंडळींनी मला जेवायला नेलं. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मी शाकाहारी नाही, पण बीफ खात नाही. टीमलीड विचारात पडला. म्हणाला, "मग तू तिथे खाणार काय?" प्रश्न रास्त होता. टेक्ससचा बार्बेक्यू म्हणजे ब्रिस्केट, आणि ब्रिस्केट म्हणजे गाई-बैलांच्या छातीचं मांस. समोर ट्रे आला, त्यात ताटलीच्या जागी जाड तपकिरी कागद, बाजूला पांढरा पाव, लोणच्यातली काकडी आणि कच्चा कांदा. कांदा पाहून जरा धीर आला. माझ्यासाठी टर्की मागवली होती. टर्की म्हणजे चवीच्या बाबतीत अगदी गरीब पक्षी, अशी माझी तोवर समजूत होती. पहिला घास घेतला आणि हात थांबला. चवीपेक्षा वासाने थांबला. आमच्या गावी, रोह्याच्या बाजूला, जानेवारीत शेतावर पोपटी लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटरला जो धुराचा वास येतो, तोच हा वास!

ऑफिसात परत आल्यावर विचारलं, "या भागात सगळ्यात चांगला बार्बेक्यू कुठे मिळतो?" सहा जणांनी सात नावं सांगितली आणि आपसांत भांडायला लागले. पुण्यात मिसळीचा विषय काढावा तसं झालं. आता कॉम्प्युटर इंजिनियर माणूस अशा वेळी काय करतो? एक्सेल शीट उघडतो. घरापासून अंतर, रांग किती, लाकूड कुठलं, बीफ सोडून काय मिळतं, असे कॉलम केले. शेवटी सहज म्हणून 'केव्हापासून' असा एक कॉलम टाकला. त्या एका कॉलमने मला हायवेवरून इतिहासात नेऊन सोडलं.

'बार्बेक्यू' हा शब्दच मुळी कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. विस्तवावर काटक्यांची माची उभारून मांस भाजायची त्यांची रीत स्पॅनिश लोकांनी पाहिली आणि तिला 'बार्बाकोआ' म्हटलं. दक्षिण टेक्ससमधल्या मेक्सिकन गुराख्यांकडे हाच शब्द वेगळ्या अर्थाने राहिला. रँचचा मालक चांगलं मांस ठेवून घ्यायचा आणि गुराख्यांच्या वाट्याला जनावराचं डोकं यायचं. ते गुंडाळून निखाऱ्यांच्या खड्ड्यात रात्रभर पुरून ठेवायचं, हा त्यांचा बार्बाकोआ. ब्राऊन्सव्हिलमधे 'व्हेराज' नावाचं १९५५ पासूनचं एक साधं ठिकाण आहे. तिथे अजूनही जमिनीतल्या खड्ड्यात तो शिजतो. २०२० साली त्याला जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा मानही मिळाला.

दुसरा धागा गुलामगिरीचा आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत मळ्यांच्या मालकांच्या मोठमोठ्या मेजवान्यांमधे चर खणून, रात्रभर जागून, निखारे ओढून मांस शिजवायचं काम गुलाम केलेल्या आफ्रिकन लोकांनी केलं. यजमान म्हणून नाव मालकाचं व्हायचं. १९ जून १८६५ ला गॅल्व्हेस्टनमधे जनरल ग्रेंजरने टेक्ससमधले गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम जाहीर केला. पुढच्या वर्षापासून त्या तारखेला लोक जमू लागले, आणि त्या जेवणाच्या मध्यभागी होता बार्बेक्यू. तेच हात, तोच विस्तव, पण या वेळी स्वतःच्या पाहुण्यांसाठी. हाच 'जूनटीन्थ'. १९८० पासून टेक्ससमधे आणि २०२१ पासून साऱ्या देशात त्याची सुट्टी असते. त्या राष्ट्रीय सुट्टीसाठी वर्षानुवर्षं पायपीट करणाऱ्या ओपल ली आपल्या शेजारच्या फोर्ट वर्थच्या.

तिसरा धागा आपल्यासारखाच, बोटीतून उतरलेल्यांचा. १८४० च्या दशकात जर्मन लोक मध्य टेक्ससमधे आले. न्यू ब्राउनफेल्स १८४५ चं, फ्रेडरिक्सबर्ग १८४६ चं. पाठोपाठ चेक आले. त्यांच्यात खाटीक होते आणि मांसाला धूर देण्याची, सॉसेज भरण्याची विद्या त्यांनी बरोबर आणली होती. फ्रीज नव्हताच. दुकानात जे मांस विकलं गेलं नाही ते संध्याकाळपर्यंत वाया जाणार, म्हणून त्याला धूर द्यायचा आणि उरल्यासुरल्याचं सॉसेज करायचं. एल्गिनचं साउथसाइड मार्केट १८८२ चं आणि लॉकहार्टचं क्राइट्स मार्केट १९०० चं. ही मूळची खाटिकाची दुकानं, हॉटेलं नव्हेत. कागद म्हणूनच! तो मांस बांधून द्यायचा कागद. माझ्या ट्रेमधे आला तो फॅशन म्हणून आला असेल, पण त्याचा जन्म खाटिकाच्या फळीवर झाला.

आणि त्या फळीपाशी बसून खाणारं पहिलं गिऱ्हाईक कोण? कापूस वेचणारे मजूर. वेचणीच्या हंगामात मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मजूर गावोगाव फिरत. गावातल्या हॉटेलांत त्यांना गोऱ्यांबरोबर बसू देत नसत. खाटिकाच्या दुकानात मात्र मांस वजनावर विकत घेता यायचं. ते कागदावर घ्यायचं, दुकानातलेच क्रॅकर, कांदा, लोणचं घ्यायचं आणि मागच्या बाजूला नाहीतर झाडाखाली बसून हाताने खायचं. आज लॉकहार्टला 'काटा नाही, सॉस नाही' अशी जी ऐट मिरवली जाते, तिच्या मुळाशी ही बिनताटाची जेवणं आहेत. जुन्या क्राइट्सच्या बाकांना तर सुऱ्या साखळीने बांधलेल्या असत.

मग ब्रिस्केटचं काय? तो काही पूर्वापार राजा नव्हता. जनावराचा अर्धा किंवा पाव भाग दुकानात यायचा, आणि जो तुकडा खपणार नाही तो भट्टीत जायचा. छातीचं मांस चिवट, त्यामुळे स्वस्त. १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्या जनावराचे ठरावीक तुकडे करून, खोक्यात बंद करून विकू लागल्या. आयबीपी कंपनीने १९६७ मधे हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. मग बार्बेक्यूवाल्यांना अख्खं जनावर घ्यायची गरज उरली नाही, नुसती ब्रिस्केटची खोकी मागवता येऊ लागली. ज्याला आपण टेक्ससची प्राचीन परंपरा समजतो, तिचा बराचसा भाग सप्लाय चेनने घडवला आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून किती आनंद होतो म्हणून सांगू!

इंजिनियरला आवडेल असं आणखी एक. सव्वादोनशे ते पावणेतीनशे फॅरनहाइटच्या मंद आचेवर ब्रिस्केट बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त ठेवतात. मधेच, दीडशे-एकशे साठच्या आसपास, आतलं तापमान तासन्‌तास वाढतच नाही. नवशिका घाबरतो आणि आच वाढवतो. कारण साधं आहे. मांसातून पाणी बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि ती उष्णता घेऊन जाते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच हे! तेवढा वेळ दम धरला की चिवट तंतूंचं पायाच्या सूपसारखं लुसलुशीत जिलेटिन होतं. म्हणजे गरिबाच्या वाट्याचा तुकडा राजाच्या ताटात आणणारा मसाला एकच, रात्रभर जागणारा माणूस.

आता आपल्या अंगणात येऊ. आपण रोज ज्या प्रेस्टन रोडवर ट्रॅफिकमधे अडकतो, तो साधारण जुन्या शॉनी ट्रेलच्या वाटेने जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात याच वाटेने गुरांचे तांडे उत्तरेकडे हाकले जात. फोर्ट वर्थला १९०२-०३ च्या सुमारास स्विफ्ट आणि आर्मर यांचे मोठे मांस कारखाने आले. प्लेनोला रेल्वे १८७२ मधे आली आणि काळ्या मातीतला कापूस इथून बाहेर जाऊ लागला. होय, काळी माती आणि कापूस. विदर्भातल्या मंडळींना परकं वाटू नये! १९६० साली प्लेनोची वस्ती ३,६९५ होती आणि २०२० च्या जनगणनेत २,८५,४९४. मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक्स, टेलिकॉम आणि आयटी आलं, आणि पाठोपाठ आपण.

डॅलसचा जुना बार्बेक्यू मात्र लॉकहार्टच्या पंथाचा नव्हता. इथे हिकरीचं लाकूड, गोडसर सॉस आणि सँडविच. एलायस ब्रायन यांनी १९१० मधे ओक क्लिफला सुरुवात केली आणि त्यांचे नातू सनी ब्रायन यांनी १९५८ मधे इनवूड रोडवर दुकान थाटलं. तिथे शाळेच्या बाकांवर बसून सूटबूटवाले आणि मजूर शेजारी शेजारी जेवत. फोर्ट वर्थच्या वॉल्टर जेटन यांची तर कमालच. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी परदेशी पाहुण्याला दिलेली पहिली मेजवानी २९ डिसेंबर १९६३ ला स्टोनवॉल गावात झाली. पाहुणे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर लुडविग एरहार्ड, जेवण जेटन यांचा बार्बेक्यू, आणि थंडीमुळे सगळा थाट शाळेच्या जिममधे! जर्मन खाटिकांची विद्या शंभर वर्षांनी जर्मनीच्या चॅन्सेलरसमोर टेक्ससची म्हणून वाढली गेली. परदेशात आलेल्या खाण्याचं असं होतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीला ते इथलंच वाटतं.

गेल्या पंधरा वर्षांत मध्य टेक्ससचा तो पंथ डॅलसलाही आला. 'पेकन लॉज' २०१० मधे फार्मर्स मार्केटमधे सुरू झालं, ते कन्सल्टिंगमधल्या नोकऱ्या सोडलेल्या एका जोडप्याने केलेलं. (आमच्या घरी ही माहिती मी दोनदा सांगितली. दोन्ही वेळा बायकोने विषय बदलला.) २०१३ मधे 'टेक्सस मंथली' मासिकाने त्याला राज्यातल्या पहिल्या चारांत घेतलं. २०२१ मधे त्याच मासिकाने फोर्ट वर्थच्या 'गोल्डीज'ला पहिला नंबर दिला. २०२४ मधे मिशेलिन गाईड टेक्ससमधे पहिल्यांदा आलं आणि चार बार्बेक्यूवाल्यांना चक्क स्टार मिळाले. लेक्सिंग्टन गावचं 'स्नोज' फक्त शनिवारी उघडतं. तिथली भट्टी सांभाळून नावाजलेल्या टूट्सी टोमॅनेट्झ १९३५ च्या, आणि त्यांनी शाळेत देखभालीचं कामही केलं. २०१८ मधे त्या बार्बेक्यू हॉल ऑफ फेममधे गेल्या. भट्टीमागच्या माणसाचं नाव निदान आता तरी पाटीपर्यंत पोचायला लागलं आहे.

आमच्या प्लेनोत, जुन्या डाऊनटाऊनला पंधराव्या रस्त्यावर 'लॉकहार्ट स्मोकहाऊस' आहे. त्याची कथा ऐकून कुठल्याही मराठी माणसाला आपल्या गावची आठवण येईल. क्राइट्स मार्केट १९४८ मधे एडगर 'स्मिटी' श्मिट यांनी विकत घेतलं. कालांतराने धंदा मुलांकडे आणि इमारत मुलीकडे, अशी वाटणी झाली. पुढे भाडेपट्ट्यावरून बिनसलं. १९९९ मधे भावाने थोड्या अंतरावर नवी जागा बांधली आणि जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून, रस्त्यावरून ओढत, नव्या भट्टीत नेले. बहिणीने जुन्या जागेत 'स्मिटीज' सुरू केलं. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते? पण दोघांनाही विस्तव विझू द्यायचा नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच श्मिट घराण्यातल्या एका नातीने २०११ मधे डॅलसला आणि नंतर प्लेनोत हे स्मोकहाऊस आणलं.

दोन वर्षांपूर्वी आई-बाबा आले असताना बाबांना मी तिथे घेऊन गेलो. आई "तुम्हीच जा" म्हणाली. बाबा बीफ खात नाहीत, त्यामुळे तेही जरा नाखुशीनेच निघाले. तिथे पोचल्यावर मात्र आत शिरायच्या आधी ते लाकडाच्या ढिगाशी थांबले. एक ओंडका हातात घेऊन हुंगला. विचारलं, "हे कुठलं?" भट्टीवरचा माणूस बाहेर आला होता. म्हणाला, "पोस्ट ओक." मग बाबांनी त्याला पोपटी सांगितली, मी दुभाषा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, मीठ, ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. त्याने एकच प्रश्न विचारला, "आत शिजलंय हे बाहेरून कसं कळतं?" बाबा म्हणाले, "मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्रकन उडालं की झालं." तो हसला. त्याचंही मांस बोटाने दाबूनच कळतं म्हणाला. भाषा, देश, वय, कशाचीच अडचण आली नाही.

जेवताना मी बाबांना कापूस वेचणाऱ्यांची गोष्ट सांगितली. टर्की, पोर्क रिब्ज, कागद. बाबा बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "आमच्या लहानपणी गावच्या हॉटेलात काही लोकांचे कप वेगळे असायचे. बाहेर, खुंटीला. प्यायचा आणि आपला आपण विसळून ठेवायचा. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही." थोडं थांबून म्हणाले, "वाटायला हवं होतं."

मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन एक पुस्तक काढलं, शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५). मराठवाड्यातल्या दलितांच्या घरचं खाणं त्यांनी त्यात लिहून ठेवलं आहे. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या 'चान्या' त्यात आहेत. फ्रीज नसलेल्या घरात मांस टिकवायची तीच गरज, गावाने नाकारलेल्या वाट्यातून चव काढायची तीच हिकमत. टेक्ससने ती उचलून राज्याची शान केली, कधी मूळ माणसांची नावं विसरून का होईना. आपण ती गावकुसाबाहेरच ठेवली आणि वर नाक मुरडलं. मी आजही बीफ खात नाही. तो माझ्या घरच्या वळणाचा भाग आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण 'मी खात नाही' आणि 'ते हलकं आहे' या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे, हे मला खाटिकाच्या त्या कागदाने शिकवलं.

असो. एक्सेल शीटचं काय झालं, असं विचाराल. ती अजून आहे, पण कॉलम कमी झाले. नवीन आलेल्यांसाठी अनुभवाचे चार शब्द सांगतो. गाडीतून उतरल्यावर आधी लाकडाचा ढीग शोधा. ढीग नसेल तर अपेक्षा बेताच्या ठेवा. जिथे दुपारी दोन वाजता 'संपलं' अशी पाटी लागते तिथे रांगेत उभं राहायला हरकत नाही, कारण रात्री शिजवलेलं तेवढंच असतं. बीफ खात नसाल तर टर्की आणि पोर्क रिब्ज मागा, पण सॉसेजबद्दल जरूर विचारा, मध्य टेक्ससच्या सॉसेजमधे बहुतेक वेळा बीफ असतंच. बीन्समधे ब्रिस्केटचे तुकडे आणि हिरव्या शेंगांमधे बेकन असू शकतं. कापायची सुरी आणि पाट वेगळे हवे असतील तर आधीच सांगा, रांग मोठी नसेल तर लोक ऐकतात. मॅकिनीच्या 'हचिन्स'ला जायचं तर भूक ठेवून जा. फोर्ट वर्थला एका पाकिस्तानी-अमेरिकन तरुणाने 'सबर' सुरू केलं आहे, तिथे धुराला आपल्या ओळखीच्या मसाल्यांची जोड मिळते. सबर म्हणजे धीर. बार्बेक्यूला याहून चांगलं नाव मला सुचत नाही.

आणि जमलं तर भट्टीमागच्या माणसाशी दोन शब्द बोला. रात्री किती वाजता पेटवलं, एवढंच विचारा.

बाबा परत गेल्यावर जानेवारीत त्यांचा फोन आला. शेतावर पोपटी लावली होती आणि मागे पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. म्हणाले, "अरे, तुझ्या त्या ओकवाल्याला सांग, यंदा शेंगा छान भरल्यात." पुढच्या शनिवारी मी जाऊन खरंच सांगितलं. त्याला बाबा आठवत होते. त्याने विचारलं, "आणि पाणी? चर्रकन उडालं ना?"